मोरिवाकी बाईंची हजेरी

नागासे बेट
२० ऑक्टोबर १९८६

मोरिवाकी बाईंना,

बारावीच्या वर्गाचा मिळून एक नमस्कार. आम्ही सहाच जण, त्यामुळे नमस्कार फार मोठा नाही, पण पार खाली वाकून केलेला आहे.

"थोडी तपासणी आहे, लगेच येते," म्हणून तुम्ही बोटीत बसलात त्याला महिना उलटून गेला. परवा शाळेच्या ऑफिसातून मात्सुयामाला, तुमच्या हॉस्पिटलात फोन लावला. नर्सबाई म्हणाल्या, "त्या फोनवर येणार नाहीत. पत्र लिहा, त्यांना पत्रं आवडतात." आमचे निबंध तपासताना तुमच्या चेहऱ्यावर तसं काही दिसायचं नाही. तरी लिहिते.

इकडची बातमी म्हणजे सगळ्या बेटाचं वेळापत्रक बिघडलंय. सकाळी तुम्ही हजेरी घ्यायला लागलात की आवाज थेट धक्क्यापर्यंत जायचा आणि सोबुए काका त्यावर दुकान उघडायचे. आता ते म्हणतात, "नऊ वाजले हे मला सांगायचं कुणी?"

निरोपाच्या पुस्तिकेत प्रत्येकावर एक पान असणार आहे. स्वतःबद्दल लिहायला सगळे लाजतात, म्हणून सगळ्यांवर मीच लिहायचं ठरलं. "चिझुरूला लिहिता येतं," असं म्हणतात, पण मला नाही म्हणता येत नाही हे खरं कारण. दोन पानं झालीत. वाचा आणि लाल शाई जरा कमी वापरा.

तेत्सुओ काजिवारा. मासेमाराच्या घरात जन्मला, पण बोट धक्क्याला बांधलेली असली तरी याला मळमळतं. आजोबा म्हणतात, "मासे जाळ्यानं वर काढतो, या पोराला जाळ्यात घालून बोटीत न्यावं लागतं." शेवटी त्यानं रेल्वेत नोकरी धरली. काझुमी म्हणाली, "अरे, रेल्वेसुद्धा हलते." तो म्हणाला, "मी स्टेशनात बसणार आहे. स्टेशन हलतं का?" हजेरीला पहिल्या हाकेत त्यानं कधी उत्तर दिलेलं नाही. बाई कमरेवर हात ठेवून दुसऱ्यांदा पुकारतात, मग तो 'हजर' होतो.

काझुमी वातासे. पर्यटकांच्या बसमध्ये माहिती सांगणारी गाइड होणार. आपल्या बेटावर बस एक आणि रस्ताही एक, पण ती भाताचा डाव माइकसारखा धरून रोज सराव करते. "उजव्या हाताला पाहा, सोबुए यांचं दुकान. सध्या उशिरा उघडतं."

आता मुख्य काम. एक मार्चला आमचा निरोप समारंभ. वर्गशिक्षक एकेकाचं नाव पुकारणार, आपण उभं राहून 'हजर' म्हणायचं, मग दाखला. मागं बसलेले आईबाप त्या एका शब्दासाठी आलेले असतात. आपलं नाव कुणी पुकारलं होतं हे माझ्या बाबांना अजून आठवतं. तुमच्या जागी आलेले इशिमारू सर फार चांगले आहेत, गणितही समजायला लागलंय, पण ते हजेरी घेतात ती गाडीची स्टेशनं वाचल्यासारखी, आणि गाडी कुठं थांबतच नाही. तीन वर्षं आमची नावं तुम्ही पुकारलीत. शेवटचीही तुम्हीच पुकारा. तेवढ्या एका दिवसापुरतं या.

तुमची,
चिझुरू ओचि


मात्सुयामा
४ नोव्हेंबर

चिझुरू,

तुमचा नमस्कार पोचला. खोलीत जागा कमी असल्यामुळे खाटेखाली ठेवलाय.

माझ्या शेजारच्या खाटेवर नागातोमो आजी आहेत. उभा जन्म मासळी बाजारात गेला. तुझं पत्र त्यांनी माझ्या हातातून घेतलं आणि सगळ्या खोलीला वाचून दाखवलं, बांगडे विकावेत तसं. तेत्सुओच्या स्टेशनापाशी आल्या तेव्हा समोरच्या बाई पोटावरचे टाके धरून हसल्या. आता त्या विचारत असतात, बाकीच्यांचं काय? तर बाकीची पानं लवकर पाठव. लाल शाई इथं मिळत नाही, त्यामुळे निर्धास्त लिही.

एकच सुचवते. तेत्सुओ उशिरा उत्तर देतो तो आळसानं नाही. पहिल्या हाकेला तो खिडकीबाहेर असतो. तिथून परत यायला वेळ लागतो, एवढंच.

एक मार्चचं आत्तापासून कशाला? इशिमारू सर तरुण आहेत. गाडी कुठं थांबवायची ते तुम्हीच शिकवा त्यांना. आमच्यासारख्या जुन्या शिक्षकांनाही कुठल्यातरी वर्गानंच शिकवलेलं असतं.

सोबुए काकांना सांग, घड्याळ घ्या.

मोरिवाकी


नागासे बेट
३० नोव्हेंबर

बाई,

नागातोमो आजींना आमचा सगळ्यांचा नमस्कार. त्यांच्यासाठी उरलेली तीन पानं.

हिदेमासा सुगानो. विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेला बसणारा आमच्यातला एकटाच. त्याच्या अभ्यासासाठी त्याच्या आईनं अख्ख्या बेटाला गप्प बसवलंय. बससुद्धा त्यांच्या दारावरून हॉर्न न वाजवता जाते. त्याला संत्र्याच्या झाडांवरचे किडे शिकायचेत. सराव परीक्षेत एक किडा त्याच्या उत्तरपत्रिकेवर आला. यानं प्रश्न सोडला आणि समासात किड्याचं चित्र काढलं. इशिमारू सरांनी प्रश्नाला शून्य दिलं आणि चित्राखाली लिहिलं, 'पाय एक कमी आहे.'

योशिए हामागुची. ओसाकाला केशकर्तनालयात शिकायला जाणार. सराव आमच्यावर चालू आहे. सगळ्यांच्या कपाळावरचे केस डावीकडे उतरते झालेत. पुस्तिकेतला फोटो पाहून लोक म्हणतील, या बेटावर वारा एकाच बाजूनं वाहतो. मी म्हटलं, "योशिए, सरळ काप की." ती म्हणते, "सरळच कापलेत. तुमची डोकी तिरकी आहेत."

मिनोरू तानिगावा. बेटावरच राहणार, वडिलांबरोबर संत्र्याची बाग बघणार. ट्रकचं लायसन मिळालंय. इतका हळू चालवतो की हिरवी संत्री भरली तर धक्क्यापर्यंत पिवळी होतील. सगळे निघून जाणार म्हणून आम्ही रडवेले झालो की तो म्हणतो, "जा बाबांनो, तेवढाच रस्ता मोकळा." मग स्वतःच जाऊन नाक शिंकरून येतो. सोबतची पेटी त्याच्याकडून. वरची संत्री त्यानं स्वतः पुसलीत. खालची त्याच्या आजीनं, म्हणजे खालची जास्त चांगली.

इशिमारू सरांना आम्ही शिकवतोय. मधल्या सुट्टीत ते नावं पुकारून बघतात. आता दर नावानंतर थांबतात, पण इतके थांबतात की पुढचं नाव विसरतात. काल स्वतःच म्हणाले, "तुमच्या बाई येणार आहेत ना?"

आम्ही काय सांगू? तुम्ही पत्रात सगळ्याचं उत्तर दिलंत, सोबुए काकांच्या घड्याळाचंसुद्धा. याचं नाही दिलंत.

तेरा तारखेला योशिएची मुलाखत मात्सुयामातच आहे. ती तुम्हाला भेटून येईल. केसांना हात लावू देऊ नका.

चिझुरू


मात्सुयामा
८ डिसेंबर

चिझुरू,

संत्री मिळाली. खालून सुरुवात केली. मिनोरूला आणि आजींना सांग, सगळ्या मजल्याला दोन दिवस संत्र्यांचा वास येत होता आणि डॉक्टरसुद्धा एरवीपेक्षा जास्त वेळा तपासायला आले. मनापासून आभार.

पानं वाचून झाली, म्हणजे ऐकून झाली. नागातोमो आजींना योशिएकडून केस कापून घ्यायचेत. पण योशिएला सांग, मुलाखतीच्या दिवशी इकडे येऊ नकोस. थंडीचे दिवस आहेत, इथं सगळे खोकतात. नंतर कधीतरी निवांत.

आणि एक मार्चचं. मला जमणार नाही, चिझुरू. मी खूप विचार केला. नावं पुकारायला मला बोलावू नका. इशिमारू सर पुकारतील आणि छान होईल.

पाच पानं झाली. सहावं कुठं आहे? तू एकटीनंच काही ठरवलेलं नाहीस का?

मोरिवाकी


नागासे बेट
२२ डिसेंबर

बाई,

तुम्ही येऊ नको म्हटलं तरी योशिए तुमच्याकडे आली होती. तुम्हाला माहीतच आहे.

ती सांगते, तुम्ही हॉस्पिटलच्या अंगणात बाकावर बसला होतात. गळ्याला मफलर होता. तिनं फाटकापासूनच हाक मारली. तुम्ही वळून पाहिलंत, उठलात, आणि मफलर वर ओढून आत निघून गेलात. तिला वाटलं, ओळखलं नसेल. मग म्हणाली, "नाही, ओळखलं. डोळ्यांनी ओळखलं होतं."

ती बोटीत रडली नाही. धक्क्यावर उतरून रडली. मुलाखतीत पास झाली, ते सांगायला आली होती.

हे तिनं वर्गात सांगितलं. मग तेत्सुओ म्हणाला, "तीन वर्षं दोनदा दोनदा पुकारून बाई दमल्या असतील माझ्यामुळे." तो थट्टा करत नव्हता.

आमचं काही चुकलं असेल तर सांगा. समारंभाला या म्हणून परत लिहिणार नाही.

सहावं पान लिहिण्यासारखं काही नाही.

चिझुरू ओचि


मात्सुयामा
९ जानेवारी १९८७

चिझुरू,

हे पत्र तू वर्गात वाचून दाखव. योशिएला पुढं बसव.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला माझं घशाचं ऑपरेशन झालं. दुखणं वाईट होतं, आणि ते काढायचं तर आवाजाची पेटीही काढावी लागणार होती. डॉक्टरांनी आधी नीट समजावून विचारलं. मी 'हो' म्हणाले. माझ्या आवाजातलं ते जवळजवळ शेवटचं. आता गळ्याशी एक छिद्र आहे, श्वास तिथून चालतो. मफलर त्याच्यासाठी. बाकी प्रकृती चांगली आहे. जेवते, चालते, गेल्या आठवड्यात हॉस्पिटल सोडून धाकट्या बहिणीकडे राहायला आले. फक्त आवाज नाही. कुजबुजसुद्धा नाही.

फोनवर न येण्याचं कारण कळलं असेल. तुझी पत्रं नागातोमो आजी का वाचायच्या, तेही.

तुला पहिल्याच उत्तरात सांगायला हवं होतं. पण तुझ्या पत्रात होतं की सोबुए काका माझ्या हजेरीवर दुकान उघडतात. आजींनी ते वाचलं आणि खोली हसली. मीही हसले. माझ्या हसण्याचा आवाज आला नाही हे कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्या आलं. मग वाटलं, निदान तुमच्या बेटावर तरी तो आवाज आणखी थोडे दिवस राहू दे. तुम्ही पानं पाठवत होतात, त्यात मी अजून कमरेवर हात ठेवून ओरडत होते. ते वाचायला मला फार बरं वाटायचं. ऑपरेशननंतरचे दिवस त्या पाच पानांवर निघाले, हे खरं सांगते. तुमचे आभार कसे मानायचे मला कळत नाही.

योशिए, तू फाटकापासून 'बाई' म्हणून हाक मारलीस. इतके दिवस तुम्ही माझ्या हाकेला उत्तर दिलंत. तुझ्या हाकेला उत्तर द्यायला मी तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. ते तुला दिसायच्या आत मी पळाले. तू पास झालीस याचा मला अतोनात आनंद आहे. बहिणीच्या घरी केस कापायला ये. तिरके चालतील.

तेत्सुओ, तुला पुकारून मी कधी दमले नाही. दिवसातलं पहिलं हसू मला तुझ्या दुसऱ्या हाकेला यायचं.

तर अशी गोष्ट आहे. नावं पुकारायला आवाज लागतो, म्हणून मी येत नाही. दुसरं काही कारण नाही.

मोरिवाकी


नागासे बेट
२४ जानेवारी

बाई,

विज्ञानाच्या खोलीत स्टोव्हभोवती बसून पत्र वाचलं. योशिएला पुढं बसवलं. "म्हणजे बाई माझ्यावर रागावल्या नव्हत्या?" असं तिनं तीनतीनदा विचारलं आणि मग मोठमोठ्यानं रडली. काझुमी तिची समजूत घालायला उठली आणि बसमधल्या आवाजात म्हणाली, "डाव्या हाताला पाहा, बेटावरचा प्रसिद्ध धबधबा." मग दोघी एकदम हसायला लागल्या.

हिदेमासा म्हणाला, "पुष्कळ किड्यांना आवाज नसतो. त्यांचं काही अडत नाही." मिनोरूनं त्याला कोपरानं ढोसलं. पण तुम्हाला हे आवडेल असं मला वाटलं, म्हणून लिहिलं.

तेत्सुओनं पत्र मागून घेऊन पुन्हा वाचलं. मग म्हणाला, "बाईंनी आवाज न काढता पुकारलं तर?"

"मग ऐकू कसं येणार?"

"मला ऐकू येईल. तीन वर्षांचा आवाज कानात भरलेला आहे. बाईंनी नुसतं तोंड उघडलं की झालं."

आम्ही लगेच करून पाहिलं. इशिमारू सरांना फळ्यापाशी उभं केलं आणि आवाज न काढता नावं पुकारायला सांगितलं. सरांनी तोंड हलवलं. काही ऐकू आलं नाही. मग तिघं एकदम 'हजर' म्हणाले, त्यात मिनोरू दोनदा म्हणाला. सर म्हणाले, "हे माझं काम दिसत नाही." तेव्हा नुसतं कुणाचंही तोंड चालत नाही, तुमचंच लागतं, एवढं सिद्ध झालं.

सर स्वतः मुख्याध्यापकांकडे गेले. दार उघडं होतं, आम्ही बाहेर झाडत होतो.

मुख्याध्यापक म्हणाले, "नाव पुकारल्याशिवाय मूल उभं कसं राहील? आणि पालकांना कळणार कसं, कुणाचं नाव चाललंय?"

इशिमारू सर म्हणाले, "पालकांना आपापली मुलं ओळखू येत असावीत."

मुख्याध्यापकांनी चष्मा काढून पुसला. शेवटी एका अटीवर हो म्हणाले. सर हजेरीची वही उघडी धरून तुमच्या शेजारी उभे राहतील. एखादं मूल अडलं तर तिथून पुढं सर मोठ्यानं वाचतील. समारंभ थांबता कामा नये.

बाई, वर्णमालेनं माझं नाव पहिलं येतं. माझ्या आधी कुणी नाही, ज्याचं पाहून मी उठेन. मीच अडले तर सगळ्यांचंच गेलं. मला भीती वाटते. तरी या.

चिझुरू


मात्सुयामा
५ फेब्रुवारी

चिझुरू,

तुझं पत्र मी रोज वाचते आणि रोज नाही म्हणायचं ठरवते. आरशासमोर उभी राहून तुमची नावं पुकारून पाहिली. आरशात एक म्हातारी, पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखं तोंड उघडताना दिसते. सगळ्या बेटासमोर असं उभं राहायचं, म्हणजे भीती तुला एकटीलाच वाटते असं नाही.

हिदेमासाचं किड्यांबद्दलचं म्हणणं मात्र मी भिंतीवर लिहून लावलंय. बहिणीला ते अजून समजलेलं नाही.

एक अट आहे. सहावं पान. ज्या मुलीनं सगळ्यांना बोलतं केलं ती स्वतःबद्दल अजून एक अक्षर बोललेली नाही. तू लपवायचं सोड, मीही सोडते.

मोरिवाकी


नागासे बेट
१४ फेब्रुवारी

बाई,

घ्या.

चिझुरू ओचि. कुठंही जात नाही. एप्रिलपासून धक्क्यावरच्या तिकीट खिडकीत बसणार. कामं अशी: तिकीट देणं, वादळ असलं की 'आज बोट नाही' अशी पाटी लावणं, आणि बोट का नाही म्हणून भांडणाऱ्यांना वादळ दाखवणं. योशिए ओसाकाला जाणार, हिदेमासा विद्यापीठात, मिनोरूकडे निदान बाग आहे. हिच्याकडे एक खिडकी आहे, ती पण वर सरकवायची, अर्ध्यात अडकणारी. आई आजारी असते आणि बाबा बोटीवर, म्हणून राहणार असं ती लोकांना सांगते. पण खरं सांगायचं तर तिला धक्का आवडतो. एवढीशी गोष्ट पुस्तिकेत लिहायची लाज वाटते, म्हणून तिनं बाकीच्यांची पानं आधी लिहिली.

संपलं. आता तुम्ही बोला. म्हणजे या.

चिझुरू


मात्सुयामा
७ मार्च

चिझुरू,

त्या दिवशी मला काही बोलता आलं नाही आणि लिहायला पाटी घेऊन फिरावं असं वाटलं नाही. म्हणून तेव्हा जे म्हणायचं होतं ते आज लिहिते.

बोटीतून उतरले तेव्हा सोबुए काका धक्क्यावर उभे होते. मला पाहिलं, खिशातून नवं घड्याळ काढून दाखवलं, आणि पुन्हा खिशात ठेवलं. एक शब्द बोलले नाहीत. मला वाटतं, माझ्या बरोबरीनं गप्प राहायचं त्यांनी ठरवलं होतं.

सभागृहात स्टोव्हचा तोच जुना वास होता. मुख्याध्यापकांचं भाषणही तेच होतं. मग मी उठले. काळा किमोनो, गळ्याला बहिणीनं शिवलेला पांढरा रेशमी रुमाल. शेजारी इशिमारू सर वही घेऊन. समोर तुम्ही सहा जण, सगळ्यांचे केस डावीकडे उतरते. ते पाहून हसू आलं नसतं तर मी तिथंच परत फिरले असते.

तुझं नाव पुकारायला तोंड उघडलं आणि वाटलं, हा वेडेपणा आहे. आणि तू उठलीस. तू माझ्या ओठांकडे बघत नव्हतीस. मी पुकारण्याआधी हनुवटी वर करते, हे मला कधी माहीत नव्हतं. तू त्या हनुवटीची वाट बघत होतीस. 'हजर' इतक्या मोठ्यानं म्हणालीस की मागच्या रांगेत तुझ्या आईनं दोन्ही हात तोंडावर धरले.

मग तेत्सुओ. पुकारलं. काही नाही. पोरगा खिडकीबाहेर. मुख्याध्यापक खाकरले, इशिमारू सरांकडे पाहायला लागले. माझा हात आपोआप कमरेवर गेला. दुसऱ्यांदा पुकारलं, चांगलं तोंड उघडून, आणि तुला सांगते चिझुरू, त्या क्षणी आवाज नाही हे मी विसरले होते. "हजर," तो म्हणाला. मागून त्याचे आजोबा म्हणाले, "आला एकदाचा." आणि सगळे हसले. पुढची नावं मला कशी गेली ते आठवतही नाही, इतकी सोपी गेली. काझुमीनं 'हजर' म्हणताना उजवा हात जरा वर केला, जसं काही मीच एखादं देऊळ आहे.

माझ्या पेशातली ती शेवटची हजेरी. सगळे हजर होते. मला इतकंच हवं होतं, आणि ते मिळेल असं जानेवारीत वाटत नव्हतं. तुमची मी ऋणी आहे, आणि इशिमारू सरांची. त्यांना सांग, गाडी उत्तम थांबवली.

तुझ्या सहाव्या पानाला मात्र लाल शाई लागली. 'कुठंही जात नाही' खोडून मी असं लिहिलंय: 'बाकीचे ज्या दिवशी जातील आणि ज्या दिवशी परत येतील, त्या प्रत्येक दिवशी ही समोर असेल.' खिडकी अडकते तिथं मेण लाव.

मोरिवाकी


नागासे बेट
२९ मार्च

बाई,

तुमची दुरुस्ती पुस्तिकेत जशीच्या तशी छापली. मेणानं खिडकी सरकते.

काल चौघं गेले. हिदेमासा पास झाला, त्याच्या आईनं बसला दिवसभर हॉर्न वाजवायची परवानगी दिली. तिकिटं मीच दिली, एप्रिल लागायच्या आधीच तिकीट खिडकीवरच्या काकांनी मला तिथं बसू दिलं. योशिएनं तिकीट घेता घेता खिडकीतून हात घालून माझे केस नीट केले, म्हणजे आणखी तिरके. काझुमी बोटीवरून सगळ्या बेटाची माहिती सांगत होती, मग तिला पुढचं सांगता येईना, तेव्हा खाली उभ्या मिनोरूनं सांगून पूर्ण केलं.

बोट सुटायच्या आधी जाणाऱ्यांनी रिवाजाप्रमाणे वरून धक्क्याकडे कागदी फिती फेकल्या. चौघांच्या फितींची टोकं मी आणि मिनोरूनं धरली होती. तेत्सुओ कठड्याशी उभा होता आणि बोट अजून बांधलेली असतानाच हिरवा पडला होता. मी खालून ओरडले, "समारंभात उशीर केलास, बाईंचा जीव गेला असता."

"मुद्दाम केला," तो वरून म्हणाला.

"काय?"

"पहिल्या हाकेत बोललो असतो तर बाईंना वाटलं असतं, पोरांनी पाठ करून ठेवलंय. मला दोनदा पुकारावं लागतं. म्हणून थांबलो."

"आणि सरांनी वाचायला सुरुवात केली असती तर?"

"सरांनी वही केव्हाच मिटली होती. तुझं झालं तेव्हाच. मी बघत होतो." मग तो तोंडावर रुमाल धरून आत पळाला.

इशिमारू सरांना विचारलं. ते म्हणाले, "उघडी ठेवायची गरज दिसली नाही."

फिती तुटेपर्यंत आम्ही धरून होतो. मिनोरू म्हणाला, "झाला बाबा रस्ता मोकळा," आणि ट्रकमध्ये जाऊन बसला. ट्रक बराच वेळ सुरू झाला नाही.

बाई, आमची नावं पुकारलीत, त्याबद्दल आम्हा सहाजणांकडून आभार. आता दूरदूर आहोत, त्यामुळे वाकणं एकदम जमायचं नाही, पण ज्यानं त्यानं आपापल्या ठिकाणी वाकायचं ठरलंय.

चिझुरू


मात्सुयामा
१२ एप्रिल

चिझुरू,

तर तो खिडकीबाहेर नव्हता. इतकी वर्षं शिकवून मला मुलं एवढीच कळली. तेत्सुओला स्टेशनच्या पत्त्यावर कार्ड टाकलंय, त्यावर त्याचं नाव लिहिलंय. दोनदा.

नागातोमो आजी बऱ्या होऊन बाजारात परत बसल्या आहेत. सहावं पान मी तिथं नेऊन दिलं. त्यांनी गिऱ्हाईक थांबवून मोठ्यानं वाचलं आणि म्हणाल्या, "या खिडकीवाल्या पोरीला भेटायला हवं." तेव्हा नोव्हेंबरात, संत्री उतरतील तेव्हा, आम्ही दोघी येतोय. मिनोरूला सांग, ट्रक आत्तापासूनच निघू दे.

बोटीतून उतरले की आधी तुझ्या खिडकीशी येईन. आजी मागून ओरडत असतील, तिकडे लक्ष देऊ नकोस. मी काही बोलणार नाही. नुसती हनुवटी वर करीन.

मोरिवाकी